स्वयंपाकघरातली बहीण

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी मुलगी. टेबलाखाली बसलेली! लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात नुसता भांग आणि एक पिवळी क्लिप. अख्खा तास मी त्या क्लिपला इंग्रजी शिकवलं.

तिच्या आईनं आधी कळवलं होतं — ‘सहा वर्षांची आहे. घरात बाळ आल्यापासून कुणाशी बोलतच नाही. खेळत खेळत इंग्रजी शिकेल, निदान तोंड तरी उघडेल. बघा काही जमलं तर.’ बघा काही जमलं तर! म्हणजे डॉक्टरही मीच.

सगळं करून पाहिलं. नारिंगी टी-शर्ट, मोठ्ठं हसू, कागदाची टोपी. शेवटी श्रीयुत मोजे काढले. श्रीयुत मोजे म्हणजे माझा डाव्या पायाचा निळा मोजा, त्याला बटणांचे डोळे. हाताला चढवला की तो सगळं चुकीचं बोलतो. केळ्याला ॲपल म्हणतो, टोपी पायात घालतो. मुलांना राहवत नाही, ती ओरडून दुरुस्त करतात — आणि त्या भरात इंग्रजी बोलून जातात. शाळेत वीस वर्षं शिकवलं तेव्हा हे सुचलं नाही, शाळा बंद पडल्यावर सुचलं. आजवर एकही मूल श्रीयुतांपुढे टिकलं नव्हतं.

क्लिप ढिम्म हलली नाही.

वेळ संपत आली. काही सुचेना, म्हणून बोलून गेले — आय हॅव अ सिस्टर. स्मॉल सिस्टर. व्हेरी, व्हेरी बॅड!

क्लिप वर आली. मग कपाळ. मग एक डोळा.

“व्हेअर?”

आता आली का पंचाईत! “इन द किचन,” म्हणाले.

बहीण आहे मला, हे खरं. धाकटी आहे, तेही खरं. बॅड तर शंभर टक्के! किचन तेवढं खोटं. किचनमध्ये कोणी नाही. एक कप आहे, आणि तोही विसळायचा राहिलाय.

५ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं म्हणणं असं, की प्रत्येक मुलाचा तास त्याच्या मापानं बेतायचा. मला पटतं ते. एक मांजरवाला आहे, त्याला मोजायलाही मांजरी लागतात आणि रंगवायलाही मांजरी. एक प्रोफेसर आहे — वय सात, जाड चष्मा, माझ्याच चुका काढतो — त्याला ग्रह-तारे सोडून काही चालत नाही. प्रत्येकाला त्याचं त्याचं.

तर या पोरीचं माप सापडलं. बहीण!

आज स्क्रीन लागल्या लागल्या विचारलं, “सिस्टर?” म्हणजे नमस्कार-चमत्कार काही नाही. मी टॉवेलची गोष्ट सांगितली. ही मात्र अगदी खरी. लहानपणी आमच्या घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. माझा निळा, धाकटीचा लाल. आणि रोज सकाळी माझा निळा टॉवेल ओला! रोज! स्वतःचा कोरडा लाल तिथं लटकतोय आणि ही भवानी माझ्या टॉवेलला डोकं पुसून पसार. ओरडलं की उलट उत्तर तयार. आई म्हणायची, तुम्ही दोघी ओरडायला लागलात की मला कळतं, सकाळ झाली.

मग श्रीयुत मोजे झाले माझी बहीण. मी टॉवेल धरला, श्रीयुतांनी तो ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती पोरगी टेबलाखालून अख्खी बाहेर आली आणि किंचाळली — “नो! दॅट इज हर टॉवेल!”

काय तो आवाज! आणि पुढचे दोन दात नाहीत. तेव्हापासून तिचं नाव खिडकी ठेवलं मी. मनातल्या मनात.

तिच्या मागे दारात तिची आई येऊन उभी होती, खांद्यावर बाळ. तोंडावर हात. खिडकीनं मागे पाहिलं, आणि गप्पकन खिडकी बंद. बाळाकडे बोट करून माझ्या कानात सांगितल्यासारखं बोलली — तासात आपली भाषा बोलायची नाही असा नियम आहे, तो तिनं सरळ मोडला — “ते दिवसभर रडतं. परत पाठवा म्हटलं तर सगळे हसतात.”

मी नाही हसले. मीही म्हटलं होतं एकदा, परत पाठवा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

टॉवेल कोरडा. रोजच कोरडा असतो. एकटं राहण्याचा फायदा! घरात टॉवेलच एक आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलांना माझं घर फार आवडतं. आवडणारच. भिंतीवर कागदाचा सूर्य, कागदाचे मासे, रंगीत अक्षरं, मागे उशीचं झाड. कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच घर. मी खुर्ची जरा डावीकडे सरकवली तर पोपडे दिसतील आणि उजवीकडे सरकवली तर खोकी. इथं राहायला आले तेव्हा बांधलेली खोकी, अजून दोरीसकट तशीच. उघडायची कुणासाठी? दुसऱ्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग. बसणारं कोण येतंय!

त्या खोक्यांची दोरी मात्र आज कामाला आली. खिडकी सारखी विचारते, सिस्टर काय करते? टी करते, म्हणते मी. मग आवाज का येत नाही? पोर आहे की पोलीस! म्हणून डोकं लढवलं. दोरीचं एक टोक पातेल्याच्या झाकणाला बांधलं, दुसरं टेबलाखालून माझ्या पायाच्या अंगठ्याला. तास सुरू झाला. “व्हेअर इज सिस्टर?” अंगठा ओढला.

धडाम!

खिडकी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मी ओरडले, व्हॉट आर यू डूइंग इन देअर? मग ती ओरडली, व्हॉट आर यू डूइंग! बी केअरफुल! बॅड सिस्टर! वाक्यांवर वाक्यं. सगळं इंग्रजीत. मी शिकवलेलं आणि न शिकवलेलंही.

तास संपला. लॅपटॉप मिटला. अंगठ्याला दोरी तशीच. झाकण परत पातेल्यावर ठेवून आले, खुर्चीत बसले, आणि कोणी नसताना एकदा ओढली.

फार वाईट वाटलं. दोरी सोडली, मग कप विसळला.

१० नोव्हेंबर, सोमवार

कंपनीतून फोन. तपासणीवाल्या मॅडम — आमचे तास ऐकून चुका काढण्याचा पगार घेतात. आवाज गोड, जसा डॉक्टर सुई टोचण्याआधी काढतो तसा.

“तुमच्या घरात भांडी पडतात. मुलांचं लक्ष विचलित होतं. घरात कोणी असेल तर त्यांना त्या वेळेपुरतं बाहेर जायला सांगाल का?”

“घरात कोणी नाही,” म्हटलं.

“म्हणजे? मग भांडी कोण पाडतं?”

“वारा,” म्हणाले शेवटी. मॅडमनी लिहून घेतलं असणार — वारा.

घरात कोणी नाही, हे मोठ्यानं म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली. दिवसभर ते वाक्य कानात बसलं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

महिन्याच्या शेवटी, अठ्ठावीसला, खिडकीचा शेवटचा तास. तिच्या आईनं एकच महिना घेतलाय. शेवटच्या तासाला मुलं आपलं कुटुंब कॅमेऱ्यासमोर आणतात आणि ओळख करून देतात — धिस इज माय मदर, धिस इज माय फादर. घरचे टाळ्या वाजवतात, मी रडल्यासारखं करते. कधी कधी करावं लागत नाही.

खिडकीची आई तासाआधी बोलली. म्हणे, तुमच्या तासात एवढी बोलते, तास संपला की पुन्हा मुकी. बाळाला अजून हात लावलेला नाही. एकदाही नाही! बाळ ज्या खोलीत असेल त्या खोलीतून ही उठून जाते. “तुमचं ऐकते ती. तिला सांगा ना शेवटच्या दिवशी बाळाची ओळख करून द्यायला. निदान मांडीवर तरी घेईल.” बाईचे डोळे झोपेनं सुजलेले. नाही कसं म्हणू?

सांगितलं. खिडकीनं माझ्याकडे बघितलं. मोठेपणी वकीलच होणार असं बघितलं.

“आधी तुम्ही तुमची दाखवा. मग मी माझी दाखवीन.”

“ओके,” म्हणाले मी.

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

करंगळी कॅमेऱ्याला लावली. तिनंही लावली. काचेवर डाग पडलाय, तो पुसला नाही अजून.

काय बोलून बसले मी!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहूनच टाकते एकदा.

आई गेली तेव्हा धाकटी तिथेच राहत होती, आईजवळ. मी पोचले, सगळं झालं, आठ दिवसांनी परत आले. महिन्याभरानं आईची खुर्ची आणायला गेले. आईची वेताची खुर्ची, खिडकीपाशी असायची ती. बाकी मला काही नको होतं. या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा मी त्या खुर्चीसाठी रिकामा ठेवला होता. जाऊन बघते तर खुर्ची नाही! शेजारच्या आजोबांना देऊन टाकली होती धाकटीनं. मला न विचारता.

“त्यांचे गुडघे दुखतात. आईला आता कशाला लागतेय?”

तिचं नेहमी असंच. बोलणं बरोबर, आणि वाक्य असं की अंगाची आग व्हावी. मी जिन्यात उभी राहून काय काय बोलले. शेवटी म्हणाले, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं. दोन वर्षं झाली.

कोपरा अजून रिकामाच आहे. तिथं आता झाडू ठेवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविवारी तास नसतात. सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, दुकानदारानं पिशवीला नीट गाठ मारून दिली, आणि मी दोन्ही अंगठे वर करून म्हटलं — “व्हेरी गुड! वेल डन!!”

माणूस पन्नाशीचा. दचकला. मग म्हणाला, “थँक्यू, टीचर.”

घरी येईपर्यंत हसत होते. आल्यावर सांगायला कोणी नव्हतं, म्हणून इथं लिहिलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं चाललं! खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई. माझ्याच वयाच्या, जरा लहान असतील. पडदे शिवायला दिले होते, तेवढी ओळख. जाऊन सरळ सांगितलं, अर्ध्या तासासाठी माझी बहीण व्हा.

बाई मशीन थांबवून बघत राहिल्या. सगळं सांगितल्यावर हसल्या. “होईन की, मॅडम. नाटकात काम करायची फार हौस होती मला.”

शुक्रवारी बोलावलंय. म्हणजे अठ्ठावीसच्या आधीच वचन पुरं. उगाच घाबरत होते.

खुर्चीवरचे कपडे उचलले. खालून खुर्ची हिरवी निघाली. विसरलेच होते मी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाटोळं झालं.

टेलरबाई वेळेवर आल्या. केस विंचरलेले, ठेवणीतला ड्रेस. खिडकी स्क्रीनवर आली तशी मी हाक मारली — सिस्टर! कम! बाई किचनमधून आल्या, दारात थांबल्या, म्हणाल्या, “बसू का?” मी खुणावलं, बसा. बसल्या. अगदी कडेला. मी बिस्किटांची ताटली पुढे केली, त्यांनी माझ्याकडे बघितलं, “घेऊ एक?” आणि एक घेतलं. मग हात जोडून खिडकीला म्हणाल्या, हॅलो, आय ॲम सिस्टर. पाठ करून आल्या होत्या बिचाऱ्या.

खिडकी बघत होती. हसली नाही. मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

“नो,” म्हणाली.

“नो काय?”

“ही तुमची बहीण नाही.” आपल्या भाषेत, सावकाश. “ती बसू का म्हणाली. बिस्कीट विचारून घेतलं. बहीण विचारत नाही.”

टेलरबाईंच्या हातात अर्धं बिस्कीट.

“टीचर, यू टेल लाय.”

आणि स्क्रीन काळी.

टेलरबाई किती वेळ माफी मागत होत्या. त्यांची काय चूक? माणसं विचारूनच बसतात दुसऱ्याच्या घरी. त्यांना खाली सोडून आले. जाताना म्हणाल्या, “मॅडम, तुमची खरी बहीण आहे ना? मग तिलाच का नाही बोलावत?” सुईत दोरा ओवावा इतक्या सहज म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खिडकीच्या आईचा निरोप. ‘पुन्हा टेबलाखाली बसली आहे. जेवलीही तिथेच. काय झालं ते सांगत नाही. अठ्ठावीसला येणार नाही म्हणते. तुम्ही तिला काही बोललात का?’

खोटं बोलले. हेच ते काही.

मुलाला चुकीचं इंग्रजी शिकवलं तर दुरुस्त होतं. पण मोठी माणसं फसवतात, हे एकदा शिकलं की ते कुठल्या मोज्यानं दुरुस्त करायचं? त्या घरात ती एकटी पडलीय. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. तिच्या बाजूचं एकच माणूस होतं, ते नारिंगी टी-शर्टातलं, आणि तेही नकली निघालं.

आज सगळे तास वाईट झाले. मांजरवाल्यानं विचारलं, टीचर, आर यू सॅड? नो नो, म्हटलं. पुन्हा खोटंच की!

२४ नोव्हेंबर, सोमवार

खिडकी आली. आईनं बसवली असणार. कॅमेरा बंद. नुसता काळा चौकोन.

मी टोपी घातली नाही. श्रीयुतांना ड्रॉवरमध्ये ठेवलं. नियम गेला खड्ड्यात — सरळ आपल्या भाषेत बोलले. म्हटलं, मी खोटं बोलले. किचनमध्ये कोणी नसतं. ते झाकण मीच पाडते. त्या बाई टेलर आहेत, फार चांगल्या आहेत. पण बहीण मला खरंच आहे. टॉवेलची गोष्ट खरी आहे. ती फक्त इथं नाही. आमची कट्टी आहे.

चौकोन काळाच. वाटलं, पलीकडे कोणी नाहीच. भिंतीशीच बोलतेय मी. नेहमीसारखं.

मग आतून आवाज — “किती दिवसांची?”

“दोन वर्षं.”

पलीकडे काहीतरी मोजल्याची पुटपुट.

“माझी सगळ्यात मोठी कट्टी जेवणापर्यंत होती.” मग, “कोणी केली?”

“तिनं माझ्या आईची खुर्ची मला न विचारता—”

“कट्टी कोणी केली?”

काय उलटतपासणी! “मी,” म्हणाले.

“मग बट्टी पण तुम्हीच करायची. ज्यानं कट्टी केली त्यानंच करायची असते. असाच नियम आहे.”

कॅमेरा लागला. नाक लाल. पिवळी क्लिप वाकडी. तिनं श्रीयुत मोज्यांची चौकशी केली. ड्रॉवरमधून काढून दाखवले, तेव्हा जरा हसली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून फोन हातात. निरोप लिहिला, पुसला. ‘तू खुर्ची देताना मला विचारायला हवं होतंस’ — पुसला. ‘मी जिन्यात जे बोलले’ — पुसला. ‘कशी आहेस’ — हा तर परक्या माणसासारखा वाटला. एका अक्षराला एक तास घेणाऱ्या पोरांना मी धीर देते, टेक युअर टाइम, टेक युअर टाइम! आणि स्वतःचं हे असं.

शेवटी हे पाठवलं — ‘सहा वर्षांच्या एका मुलीला तुला बघायचंय. शुक्रवारी पाच वाजता. मलाही बघायचंय.’ खाली पत्ता. तिला माझा पत्ताही माहीत नव्हता!

तिनं लगेच वाचलं. तशी खूण आली.

उत्तर नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

“बट्टी झाली?”

“विचारलंय तिला, येतेस का म्हणून.”

खिडकीनं कपाळावर हात मारला. अगदी माझ्या आईसारखा. “टीचर! विचारायचं नसतं!”

उत्तर नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तपासणीवाल्या मॅडमचा फोन. सोमवारचा तास नियमात बसत नाही, हे मला कळवणं त्यांचं काम, ते त्यांनी केलं. जरा थांबल्या. मग तो सुईआधीचा आवाज गेला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “आली का हो ती?”

नाही, म्हटलं. अजून नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी घर झाडलं. खोकी उघडली! हो, सगळी. दोन उशा निघाल्या, आईची चहाची गाळणी निघाली, जुने फोटो निघाले. कोपऱ्यातला झाडू दाराआड ठेवला. हिरवी खुर्ची माझ्या शेजारी. चार वाजता दोन कप काढून ठेवले. साडेचारपासून जिन्यात पाय वाजला की कान टवकारायचे. टेलरबाईंचं गिऱ्हाईक. कुरिअरवाला. पुन्हा टेलरबाईंचं गिऱ्हाईक.

पाच वाजले. हिरवी खुर्ची रिकामी.

खिडकी आली. वेणी घातलेली, चकचकीत. आधी माझ्या बाजूला बघितलं, मग माझ्याकडे. काही विचारलं नाही. मीच म्हणाले, नाही आली. मी वचन मोडलं. तू तुझी नाही दाखवलीस तरी चालेल.

आणि म्हटलं, थांब, तुला खरं घर दाखवते. लॅपटॉप उचलला आणि फिरवला. पोपडे दाखवले, रिकामी खोकी दाखवली, रिकामा कोपरा दाखवला. स्वयंपाकघर दाखवलं. पातेलं, झाकण, दोन कप. दोरी. “ही माझी किचनमधली सिस्टर,” म्हटलं, आणि ओढली. धडाम! खिडकी हसली. मीही.

मग ती खुर्चीवरून उतरली आणि गेली. गेलीच! मला वाटलं, संपलं. मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. इथलीही रिकामी, तिथलीही.

आतून काहीतरी कुजबुज, आईचा आवाज — “मानेखाली हात धर, हळू, हळू.” आणि खिडकी परत आली ती बाळ घेऊन. दोन्ही हातांत आवळून, तोंड घाबरलेलं, पाय फेंगडे टाकत. खुर्चीत बसली. बाळ मांडीवर.

“तुमची आली नाही ना,” म्हणाली, “म्हणून माझी बघा.”

मग ताठ बसून, पाठ केल्यासारखं — “धिस इज माय सिस्टर. शी इज स्मॉल. शी इज व्हेरी बॅड.” तेवढ्यात बाळानं तिची चकचकीत वेणी धरली आणि अशी ओढली की हिची मान वाकडी! मला वाटलं, आता भडकणार. आता टेबलाखाली जाणार. तर ती माझ्याकडे बघून सगळी खिडकी उघडून हसली.

“सी? शी डझन्ट आस्क!”

दारात तिची आई रडत होती. मी रडल्यासारखं केलं नाही. खरीच रडले. श्रीयुत मोज्यांनी डोळे पुसले, त्यांची बटणं ओली झाली.

वेळ संपली. बाय, टीचर. बाय. तिनं बाळाचा हात धरून हलवला, बाय. स्क्रीनवर कंपनीचा हसरा सूर्य आला — हा विद्यार्थी आता तुमच्या यादीत नाही.

एवढं चांगलं झालं आणि मला इतकं एकटं वाटलं नव्हतं कधी. त्या घरात आता दोघी आहेत. इथं मी आणि दोन कप. धाकटी येणार नाही. मी जिन्यात बोलले ते तिनं मनाला लावून घेतलं, आणि का लावून घेऊ नये? बट्टी एकट्यानं करता येत असेल, पण एकट्यानं होत नाही. हे खिडकीला अजून माहीत नाही. माहीत न झालेलंच बरं.

एक कप परत आत ठेवला. दिवा लावला. बास.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी टॉवेल ओला!

मी अजून अंघोळ केलेली नाही. रात्री उशिरा दार वाजलं होतं, ते लिहायचं राहिलं. ओरडले.

“मग दुसरा आणून ठेवायचा ना घरात!” — स्वयंपाकघरातून.